तुटपुंज्या खर्चात स्नायू वाढवायचे असतील, तर पैसे आधी कशावर घालावेत?

पहिली पायरी

नमस्कार. ‘पहिली पायरी’ या नावाने मी हा चर्चेचा धागा सुरू करतो आहे. माझे वय २२, उंची १७५ सेंटीमीटर आणि वजन ५८ किलो आहे. गेले सहा महिने मी आठवड्यातून चार दिवस न चुकता व्यायामशाळेत जातो. पहिल्या तीन महिन्यांत वजन दोन किलोने वाढले आणि उचलता येणारा भारही दर आठवड्याला थोडा थोडा वाढत गेला. पुढच्या तीन महिन्यांत मात्र वजनकाटा ५८ वरून हललेला नाही, आणि आता बैठका काढताना उचलायचा भारही तिथेच अडकून पडला आहे.

मी शिकतो आणि अर्धवेळ काम करतो. कामात चार तास उभे राहावे लागते. खोलीवर एक शेगडी आणि एक कुकर आहे, फ्रीज इतरांबरोबर सामायिक आहे. खाण्यासाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढतो आणि ती वाढवणे सध्या शक्य नाही. त्यातला जवळजवळ निम्मा भाग प्रोटीन पावडरच्या डब्यावर जातो, कारण सुरुवातीला मला असे सांगण्यात आले होते की पावडर नसेल तर व्यायाम वाया जातो.

रोजचे खाणे असे आहे: सकाळी चहा आणि बिस्किटे, दुपारी ब्रेडचे सहा काप आणि बटाट्याची भाजी, व्यायामानंतर पाण्यातून दोन चमचे पावडर (डब्यातला मोठा चमचा) आणि एक केळे, रात्री साधारण १५० ग्रॅम तांदळाचा भात आणि ५० ग्रॅम मसुरीची आमटी. दिवसभरात आणखी दोनदा चहा होतो. महिनाअखेरीस पैसे संपत आले की दुपारचे खाणे निम्मे होते, पण पावडर मी कधी चुकवत नाही.

पावडर आणखी वाढवावी, की दुसरे काही करावे? आहे त्या पैशांत हे शक्य आहे की नाही, हेही स्पष्ट सांगितले तर चालेल.

हिशेबवही

तुम्ही वजने आणि मापे दिलीत म्हणून बेरीज करता आली. अंदाजाची मर्यादा मान्य करूनही तुमचा दिवस साधारण २,२५० कॅलरींचा होतो. प्रथिने सुमारे ९५ ग्रॅम भरतात, आणि त्यातली निम्मी, म्हणजे ४८ ग्रॅमच्या आसपास, एकट्या पावडरीतून येतात.

आता गरज किती ते पाहू. वजन, उंची आणि वय यांवरून विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेचा खर्च काढण्याचे मिफ्लिन-सेंट जॉर हे सूत्र १९९० सालापासून वापरात आहे. त्यात तुमचे आकडे घातले की सुमारे १,५७० कॅलरी मिळतात. उभ्याने केलेले काम आणि चार दिवसांचा व्यायाम धरून त्याला १.५५ ने गुणले, तर आहे ते वजन टिकवण्यासाठीच सुमारे २,४३० कॅलरी लागतात. हे सूत्र एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दोनशे कॅलरींनी सहज चुकू शकते, म्हणून मी त्यापेक्षा तुमच्या वजनकाट्याचा पुरावा अधिक मानतो. तीन महिने वजन हलले नाही, याचा अर्थ तुम्ही जेवढे खाता तेवढेच शरीर खर्च करते आहे. नव्या स्नायूसाठी शिल्लक काहीच उरत नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. तुमच्या वजनाला दर किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर ९३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात, आणि तेवढी तुम्ही आजही खाता. तुम्हाला कमी पडते ती ऊर्जा. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनांतील नायट्रोजन बाजूला काढून उरलेला भाग इंधन म्हणून जाळते. म्हणजे खाण्याच्या यादीतील सर्वांत महाग पदार्थ तुम्ही विकत घेता, आणि त्याचा काही भाग भातासारखा जाळून टाकता. भात, तेल, बटाटे, ओट्स यांतून मिळणारी स्वस्त ऊर्जा पोटात असेल, तर प्रथिने ज्या कामासाठी खाल्ली त्याच कामाला लागतात. पैसे कमी असणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यायला हवी, आणि नेमकी तीच त्याला सर्वांत शेवटी सांगितली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

सध्याच्या खाण्यात रोज साधारण ३०० ते ४०० कॅलरींची भर घाला. याहून जास्त भर घातली म्हणून स्नायू जास्त वेगाने वाढत नाहीत, चरबी मात्र वाढते. नवशिक्याने आठवड्याला वजनाच्या पाव ते अर्धा टक्का, म्हणजे तुमच्या बाबतीत दीडशे ते तीनशे ग्रॅम, एवढीच वाढ अपेक्षित धरावी. आणि ही भर घालण्यासाठी एक पैसाही जास्त लागणार नाही, कारण पावडरीत अडकलेले पैसे मोकळे होतील.

लोखंडी सळी

मी बारा वर्षे वजने उचलतो आहे आणि वरच्या प्रतिसादातील एका गोष्टीबद्दल मला काळजी वाटते. नवशिक्याला ‘प्रथिने पुरेशी आहेत’ असे सांगितले की तो पावडर बंद करतो, भाताचा ढीग वाढवतो, आणि चार महिन्यांनी पोट घेऊन परत येतो. प्रथिने हा पाया आहे. मी स्वतः किलोमागे दोन ग्रॅमच्या खाली कधी गेलो नाही.

हिशेबवही

तुमची काळजी रास्त आहे. पावडर थांबवली आणि तिची जागा दुसऱ्या प्रथिनांनी भरली नाही, तर धागाकर्त्यांचे नुकसानच होईल. माझे म्हणणे एवढेच की ४८ ग्रॅमची ती जागा अंडी, दूध, डाळी आणि सोयाबीन यांनी भरायची आणि उरलेल्या पैशांतून ऊर्जा विकत घ्यायची.

दोन ग्रॅमबद्दल सांगायचे तर, २०१८ साली ४९ अभ्यास आणि १,८६३ व्यक्ती यांचा एकत्र विचार करणारे एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. व्यायामाबरोबर प्रथिने वाढवली की स्नायूंची वाढ सुधारते, पण किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा दिसत नाही, असे त्यात आढळले. त्या आकड्याभोवतीची अनिश्चितता २.२ ग्रॅमपर्यंत जाते, म्हणून ज्याला परवडते त्याने दोन ग्रॅम खाण्यात काहीच गैर नाही. ज्याला दुपारचे जेवण निम्मे करावे लागते, त्याने मात्र १.६ च्या पुढच्या प्रत्येक ग्रॅमसाठी आपण काय सोडून देतो आहोत, हे पाहावे.

लोखंडी सळी

हे मान्य. महिनाअखेरीस दुपारचे खाणे निम्मे होते, हे वाक्य मी नीट वाचले नव्हते. जेवण तोडून पावडर घेणे मलाही पटणार नाही.

उत्तररात्र

रात्रपाळीत काम करताना मला पैशांची फार ओढाताण होती. त्या काळात मी एक सवय लावून घेतली, ती इथे सांगतो. कोणतीही वस्तू घेताना पाकिटाच्या किमतीकडे न पाहता मी दोन भागाकार करतो. पहिल्यात किमतीला पाकिटातील एकूण प्रथिनांच्या ग्रॅमने भागायचे आणि दुसऱ्यात पाकिटातील एकूण कॅलरींनी. भाव जागेनुसार आणि हंगामानुसार बदलतात, पण ज्या संख्येने भागायचे ती फारशी बदलत नाही, म्हणून ती एकदा वहीत लिहून ठेवली की काम भागते.

माझ्या वहीतील आकडे असे आहेत. सोयाबीनच्या सुक्या तुकड्यांच्या अर्ध्या किलोच्या पाकिटात सुमारे २६० ग्रॅम प्रथिने असतात. किलोभर सुक्या मसुरीत सुमारे २४०, किलोभर शेंगदाण्यांत सुमारे २५०, डझनभर अंड्यांत सुमारे ७२, लिटरभर दुधात ३२ ते ३३, आणि किलोभर चांगल्या पावडरीत सुमारे ७५० ग्रॅम. कॅलरींच्या बाजूला किलोभर तांदळात सुमारे ३,६००, किलोभर शेंगदाण्यांत सुमारे ५,६००, लिटरभर तेलात आठ हजारांच्या पुढे, लिटरभर साईसकट दुधात सुमारे ६२० आणि डझनभर अंड्यांत साडेआठशेच्या आसपास कॅलरी असतात.

हे दोन्ही भागाकार शेजारी शेजारी मांडले की काही पदार्थ दोन्हीकडे स्वस्त ठरतात, आणि खाण्याचा पाया त्यांवर रचावा. शेंगदाणे पुष्कळदा असे ठरतात. मात्र त्यांना मी प्रथिनांचा स्रोत मानत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनांबरोबर ५० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यामुळे प्रथिनांची सगळी भूक त्यांच्यावर भागवायला गेलात तर कॅलरींचा हिशेब कोलमडतो. ते ऊर्जेसाठी घ्यावेत, सोबत मिळणारी प्रथिने ही जमेची बाजू.

आणखी एक सूचना. कच्चे आणि शिजलेले वजन यांत गोंधळ करू नका. सुक्या मसुरीत शंभर ग्रॅममागे २४ ग्रॅम प्रथिने असतात, शिजलेल्या मसुरीत ती ९ ग्रॅम दिसतात, कारण मध्ये पाणी आलेले असते. कोंबडीच्या मांसात याच्या उलट होते. शिजताना पाणी निघून जाते, म्हणून कच्च्या छातीच्या मांसातील २२-२३ ग्रॅमचा आकडा शिजल्यावर ३१ पर्यंत जातो. मी स्वतः दोन महिने शिजलेली डाळ तोलून तिला सुक्या डाळीचा आकडा लावत होतो. कागदावर माझी प्रथिने भरपूर होती, ताटात ती निम्मीही नव्हती.

पहिली पायरी

सर्वांचे मनापासून आभार. भागाकार करून पाहिले. माझ्या इथल्या भावांत सोयाबीनचे तुकडे आणि मसूर पावडरीपेक्षा खूपच स्वस्त पडतात, अंडी पावडरीच्या जवळपास येतात आणि दूध थोडे महाग पडते. मग प्रश्न असा की, डाळीतील एक ग्रॅम आणि अंड्यातील एक ग्रॅम हे खरोखर सारखेच मानावेत का? आणि पाकिटावर छापलेल्या प्रथिनांच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा?

हिशेबवही

सारखेच मानू नयेत, पण फरक घाबरण्याएवढाही नाही. प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनतात आणि त्यांतील नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. त्या नऊंपैकी लायसिन धान्यांत कमी असते आणि मिथिओनिन डाळींत कमी असते. एकाचे न्यून दुसरे भरून काढते, म्हणून डाळ आणि भात दोन्ही खाणाऱ्याला सहसा कमतरता भासत नाही. ते एकाच घासात असायला हवेत असेही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेले की पुरे. याशिवाय कडधान्यांतील प्रथिने अंड्या-दुधापेक्षा थोडी कमी पचतात. मी हिशेब करताना डाळींच्या आकड्यातून पाचवा भाग वजा करतो आणि पुढे जातो. सोयाबीनच्या बाबतीत एवढी वजाबाकी करण्याची गरज नाही, कारण त्याची प्रत दुधा-अंड्यांच्या बरीच जवळ जाते.

स्नायूंच्या बांधणीला चालना देण्यात ल्युसिन या अमिनो आम्लाचा वाटा मोठा आहे आणि ते वनस्पतिजन्य प्रथिनांत तुलनेने कमी असते. म्हणून मसुरीची एक वाटी चार जेवणांत वाटण्यापेक्षा, दिवसातून तीन-चार वेळा प्रत्येकी २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पडतील असे ताट भरणे चांगले. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत पावडर घेतलीच पाहिजे, ही समजूत मात्र सोडून द्यावी. दिवसभराची एकूण बेरीज त्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

पाकिटावरच्या आकड्याबद्दल विचारलेत, तर प्रथिने थेट मोजली जात नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली पदार्थातील नायट्रोजन मोजण्याची पद्धत मांडली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, असे धरून त्या नायट्रोजनाला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. त्यामुळे पावडरीत ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली तरी त्यांचा नायट्रोजन मोजला जातो आणि आकडा फुगतो. घटकांच्या यादीत अशी अमिनो आम्ले वेगळी लिहिलेली दिसली, तर तो डबा मी परत ठेवतो. मसुरीच्या दाण्यात किंवा अंड्यात कोणी असे काही मिसळू शकत नाही.

मंद आच

सगळी चर्चा वाचली. आकडे उत्तम आहेत, पण रोज शेगडीसमोर उभे राहणाऱ्याची अडचण वेगळी असते. चवीला कंटाळून तिसऱ्या आठवड्यात माणूस हे सारे सोडून देतो. म्हणून थोडे स्वयंपाकाबद्दल लिहिते.

सोयाबीनचे तुकडे पुष्कळांना आवडत नाहीत, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा करण्याच्या पद्धतीत असते. ते मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे ठेवावेत, गार पाण्यातून काढून दोन्ही तळहातांमध्ये घट्ट पिळावेत, पुन्हा गार पाणी घेऊन पुन्हा पिळावेत. पहिल्या पाण्याबरोबर त्यांचा उग्र वास निघून जातो. पिळलेला तुकडा स्पंजासारखा असतो, त्यामुळे नंतर तो ज्या रसात पडेल त्याची चव धरतो. न पिळता थेट आमटीत टाकले, तर आतले बेचव पाणी तोंडात येते आणि त्या पदार्थाशी कायमचे वैर होते.

मसूर भिजवायची गरज नसते आणि ती लवकर शिजते, म्हणून इंधनही कमी लागते. एक शेगडी असणाऱ्यासाठी ती सोयीची आहे. हरभरे आणि राजमा रात्रभर भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात शिजवावेत. राजम्याबाबत मी आग्रहाने सांगते, त्याच्या कच्च्या दाण्यांत फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन (लेक्टिन) असते. अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला तर काही तासांतच मळमळ, उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. तो किमान दहा मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे, आणि मग मऊ होईपर्यंत शिजवावा. कुकरमध्ये ही अडचण येत नाही, पण मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नये.

दोन दिवसांचा भात एकदम करून ठेवायचा असेल तर तो भांड्यात गरम तसाच रात्रभर ठेवू नका. पसरट ताटात काढून लवकर गार करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा. तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानेही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि भात पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. शेंगदाणे मोठ्या प्रमाणात घेतल्याने स्वस्त पडतात हे खरे, पण काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा वास येणारा दाणा निवडून फेकून द्यावा. त्या बुरशीतील ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. चार दाणे वाचवण्यासाठी एवढी जोखीम कोणी घेऊ नये.

शेवटचे, ज्यांना पोट भरल्यामुळे जास्त खाणे जमत नाही त्यांनी खाण्याचा आकार वाढवण्याऐवजी त्यात तेल, शेंगदाण्याचे कूट आणि साईचे दूध घालावे. एक मोठा चमचा तेल सव्वाशेच्या आसपास कॅलरी देते आणि पोटात जागा जवळजवळ घेत नाही.

हिरवा वाटाणा

मी दूध आणि अंडीही खात नाही. वरील सगळे माझ्यासाठी लागू पडते का?

मंद आच

स्वयंपाकाचा भाग पूर्णपणे लागू पडतो. सोयाबीन, त्याचे दूध आणि टोफू (सोयाबीनचे पनीर) यांना मुख्य जागा द्यावी लागेल. डाळींतील लोह नीट शोषले जावे म्हणून जेवणात लिंबू, टोमॅटो किंवा क जीवनसत्त्व असलेले दुसरे काही असू द्या आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवा.

हिशेबवही

यात एकच भर घालतो, आणि ती टाळता येण्यासारखी नाही. ब१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य पदार्थांतून विश्वासाने मिळत नाही, म्हणून त्याची गोळी किंवा ब१२ घातलेले पदार्थ तुम्हाला घ्यावेच लागतील. त्याची कमतरता हळूहळू वाढते आणि मज्जातंतूंवर परिणाम करते. खर्चात काटकसर इतर कशातही करा, इथे नको. प्रथिनांचे प्रमाण किलोमागे १.६ पेक्षा थोडे वर ठेवलेत तर पचनातील घट भरून निघेल.

लोखंडी सळी

अंडी कच्ची प्यायल्याने जास्त ताकद येते असे व्यायामशाळेत आजही सांगितले जाते. धागाकर्त्यांनी तो मार्ग धरू नये. १९९८ साली मोजक्या व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने सुमारे ९१ टक्के पचली आणि कच्च्या अंड्यातील सुमारे ५१ टक्के. म्हणजे कच्चे अंडे पिणारा विकत घेतलेल्या प्रथिनांचा निम्मा भाग गमावतो, साल्मोनेला या जिवाणूचा धोका पत्करतो तो वेगळाच. पिवळा बलकही टाकून देऊ नये. एका अंड्यातील सहा ग्रॅम प्रथिनांपैकी अडीच ग्रॅमच्या आसपास त्यात असतात, आणि ज्याला ऊर्जा कमी पडते आहे त्याने तो टाकणे म्हणजे पैसे टाकणेच आहे.

पूरक पदार्थांवर थोडे पैसे खर्च करायचेच असतील, तर माझा कौल क्रिएटिन मोनोहायड्रेटला (स्नायूंना झटपट ऊर्जा मिळवून देणारी पावडर) आहे, रोज तीन ते पाच ग्रॅम. त्याचा ताकदीवरचा परिणाम अनेक अभ्यासांत दिसलेला आहे आणि एक डबा कित्येक महिने पुरतो. पण आधी जेवण, मग बाकी सारे.

हिशेबवही

धागाकर्त्यांसाठी एक दिवस मांडून पाहिला. सगळी वजने कच्ची किंवा सुकी आहेत. सकाळी ८० ग्रॅम ओट्स पाव लिटर दुधात शिजवून त्यात एक केळे. दुपारी १०० ग्रॅम मसुरीपैकी निम्मी, ७५ ग्रॅम तांदूळ आणि दोन-तीन उकडलेले बटाटे. व्यायामानंतर आणखी पाव लिटर दूध, ५० ग्रॅम शेंगदाणे आणि आणखी एक केळे. रात्री ४० ग्रॅम सोयाबीनचे तुकडे, उरलेली मसूर, ७५ ग्रॅम तांदूळ आणि तीन अंडी. दिवसभरात स्वयंपाकाला एक मोठा चमचा तेल. बेरीज सुमारे २,६५० कॅलरी आणि ११८ ग्रॅम प्रथिने अशी होते. डाळींची घट वजा केली तरी ९३ च्या पुष्कळ वर राहते, आणि एखाद्या दिवशी अंडी परवडली नाहीत तरी शंभर ग्रॅम उरतात. हंगामातील जी भाजी स्वस्त असेल ती यात घाला. तिच्यासाठी मी वेगळा हिशेब धरलेला नाही, पण ती वगळायची असा त्याचा अर्थ नाही.

हे सारे पहिल्याच दिवशी सुरू करू नका. डाळी एकदम दुप्पट केल्या तर पोट फुगते आणि माणूस डाळींनाच दोष देतो. दर तीन-चार दिवसांनी थोडे थोडे वाढवा, पाणी पुरेसे प्या. दूध पचत नसेल तर त्याच्या जागी दही घेऊन पाहा. विरजण लावताना जिवाणू काही लॅक्टोज (दुधातील साखर) वापरून टाकतात, म्हणून ते अनेकांना सोसते. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र यातील कोणताही आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये, कारण त्यांच्यासाठी प्रथिनांची मर्यादा वेगळी असते.

वजन रोज सकाळी एकाच वेळी करा आणि सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा.

पहिली पायरी

धागा सुरू करून सात आठवडे झाले, म्हणून काय घडले ते कळवतो. जुना डबा संपेपर्यंत रोज एकच चमचा पावडर घेतली आणि मग नवा डबा आणला नाही. वरच्या यादीत दोनच बदल केले. मला सकाळी ओट्स जात नाहीत, म्हणून ते मी रात्री दुधात भिजवून ठेवतो आणि कामावर निघताना खातो. दुसरे म्हणजे सोयाबीन रोज न करता एक दिवसाआड करतो आणि मधल्या दिवशी हरभरे भिजवतो.

पहिल्याच आठवड्यात सरासरी वजन ७०० ग्रॅमने वाढले आणि मी घाबरलो, पण पुढे वाढ मंदावली. आज सरासरी ६०.१ किलो आहे, कमरेचे माप एक सेंटीमीटरने वाढले आहे. बैठकांचा भार साडेसात किलोने पुढे सरकला. महिनाअखेरीस या वेळी दुपारचे जेवण एकदाही तोडावे लागले नाही, आणि माझ्यासाठी ही या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. कामावर उभे असताना चारच्या सुमारास जी भोवळ यायची, तीही आता येत नाही.

वजन वाढल्यामुळे आता कॅलरी पुन्हा वाढवाव्यात का?

हिशेबवही

वाचून फार आनंद झाला. पहिल्या आठवड्यातील ७०० ग्रॅममध्ये बराचसा भाग पाण्याचा आणि आतड्यात असलेल्या जास्तीच्या अन्नाचा असणार. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, आणि तुमचे साठे आधी रिकामेच असावेत. उरलेल्या सहा आठवड्यांत १.४ किलो, म्हणजे आठवड्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वाढ झाली. ती ठरवलेल्या मर्यादेत आहे.

आत्ता काहीच वाढवू नका. सलग तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही, तरच रात्रीच्या भातात ४० ग्रॅम तांदूळ वाढवा आणि पुन्हा तीन आठवडे पाहा. प्रथिनांचे प्रमाण ६० किलोला ९६ ग्रॅम होते आणि तुम्ही त्याच्या वर आहात, त्यामुळे त्या बाजूला काही बदलायचे नाही.

मंद आच

हरभरे भिजवता तेव्हा दोन दिवसांचे एकदम भिजवा आणि निम्मे ओल्या फडक्यात बांधून मोड येऊ द्या. दुसऱ्या दिवशी ते लवकर शिजतात, इंधन वाचते, आणि तीच वस्तू असूनही चव वेगळी लागते.